तिरानो: नुसतं गाडी बदलायचं गाव, की एक रात्र राहायचं?

अनुजा_के

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मिलानमध्ये आहोत: आम्ही दोघं आणि आई-बाबा. दोघंही सत्तरीच्या पुढचे, चालतात, पण फार जिने नकोत. दोन दिवस बेर्निनाच्या लाल गाडीसाठी (इटलीतल्या तिरानोहून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झला जाणारी डोंगरी रेल्वे) राखून ठेवलेत. जिथे वाचावं तिथे एकच साचा सापडतो: पहाटे मिलानहून निघा, तिरानोला गाडी बदला, सेंट मॉरित्झला जा, रात्री परत या. तिरानो या गावाबद्दल मात्र कोणी दोन ओळीही लिहीत नाही.

माझे प्रश्न असे:
एक, हे एका दिवसात करावं की तिरानोला मुक्काम करावा?
दोन, बेर्निना एक्सप्रेसचं आरक्षण करावं की साधी गाडी चालेल?
तीन, आई शाकाहारी आहे, तिथे तिला काय मिळेल?
व्हिसा, पैसे, फोन यात काही खाचाखोचा असतील तर त्याही सांगा.

मीटरगेज

अनुजाताई, आधी साधा हिशेब मांडू. मिलान सेंट्रल ते तिरानो सुमारे अडीच तास. तिरानो ते सेंट मॉरित्झ सव्वादोन ते अडीच तास. तेवढंच परत. म्हणजे साडेनऊ-दहा तास नुसतं बसणं. वर गाड्या जुळण्याची वाट पाहणं, जेवण, स्वच्छतागृह. सत्तरीच्या माणसांना हा दिवस जड जातो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात सुंदर भाग अशा वेळी येतो जेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. डोंगराची सावली दरीत त्याच्या बरीच आधी उतरते. परतीचा निम्मा प्रवास काळोखात गेला तर त्या तिकिटाचं काय केलं?

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. तिरानोला एक रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडा. सकाळच का, तर वाटेतल्या आल्प ग्र्यूम स्टेशनच्या फलाटावरून जी पालू हिमनदी दिसते ती पश्चिमेच्या अंगाला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून तिच्यावर पडतं. दुपारनंतर सूर्य तिच्या मागे जातो, मग बर्फ राखाडी दिसतो आणि डोळे दिपतात.

आता एक्सप्रेस की साधी गाडी. रूळ तेच, बोगदे तेच, डोंगर तेच, मूळ भाडंही तेच. एक्सप्रेसला छतापर्यंत वळलेल्या काचा असतात आणि आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे भाड्याव्यतिरिक्त. साधी गाडी साधारण तासाला एक असते, आरक्षण लागत नाही, आणि मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरून पुढची गाडी पकडता येते. एक्सप्रेसमध्ये तुम्ही ठरलेल्या गाडीला आणि ठरलेल्या खुर्चीला बांधलेले असता. या मार्गावर उतरण्यात निम्मी मजा आहे, म्हणून साधी गाडी.

पानगळ

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

झुरिककर

मीटरगेज यांच्याशी सहमत, त्यात थोडी भर.

१. स्विस ट्रॅव्हल पास या मार्गावर थेट तिरानोपर्यंत चालतो, सीमेशी संपत नाही. युरेलचा पासही चालतो. पण एक्सप्रेसचं आरक्षण पासात येत नाही, ते वेगळं. मिलान ते तिरानो मात्र इटलीची गाडी, तिथे स्विस पासचा उपयोग नाही.

२. पास नसेल तर साधं एकेरी तिकीट काढा. त्याच दिवसात त्याच दिशेने जाताना मध्ये उतरून पुन्हा चढता येतं, नवं तिकीट लागत नाही.

३. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: स्वित्झर्लंडमधल्या खूर शहरापासून तिरानोपर्यंत जी बेर्निना एक्सप्रेस धावते ती सेंट मॉरित्झला जातच नाही. ती सामेदान, पोन्त्रेसिना अशी बाहेरून निघून जाते. सेंट मॉरित्झला हॉटेल आणि तिकीट खूरच्या एक्सप्रेसचं, अशी जोडी जमवू नका. आरक्षण करताना "बेर्निना एक्सप्रेस" एवढंच न पाहता सुरुवातीचं आणि शेवटचं स्टेशन वाचा.

४. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलतं. जुन्या ब्लॉगवरच्या वेळांवर विसंबू नका.

कोकणकडा

मला हे पटत नाही. वयस्कर मंडळी बरोबर असताना आरक्षित खुर्ची हीच मोठी सोय आहे. साध्या गाडीत चौघांना एकत्र जागा मिळेलच असं नाही. पर्यटकांचा गट आला की डबे भरतात आणि म्हातारी माणसं दरवाजाशी उभी राहतात. एक्सप्रेसमध्ये आपला क्रमांक, आपली खिडकी. वरच्या काचेतून शिखरं मान न वाकवता दिसतात. ज्याला आयुष्यात एकदाच जायचं आहे त्याने थोडे फ्रँक वाचवण्यासाठी कशाला जोखीम घ्यायची?

मीटरगेज

कोकणकडा, गर्दीचा मुद्दा रास्त आहे. पण गर्दीला उपाय आहे. तिरानो हे टोकाचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते. वीस-पंचवीस मिनिटं आधी फलाटावर गेलं की चौघांना समोरासमोरची जागा मिळते. गटाने येणारे लोक मिलानच्या गाडीने येतात आणि सगळे एकदम रेटिअन रेल्वेच्या (लाल गाडी चालवणाऱ्या स्विस कंपनीच्या) फलाटावर लोटतात. मुक्काम केला असेल तर मिलानहून पहिली गाडी यायच्या आधीची लाल गाडी तुम्हाला घेता येते. मुक्कामाचा खरा फायदा हाच.

काचेचं म्हणाल, तर वळलेल्या काचेत समोरच्याचा पांढरा शर्ट, दिवे, स्वतःचा हात, सगळं उमटतं, आणि त्या काचा उघडत नाहीत. साध्या डब्यांतल्या काही खिडक्यांचा वरचा भाग खाली ओढता येतो. फक्त हात किंवा डोकं बाहेर काढू नका, खांब आणि बोगद्याच्या भिंती अगदी जवळून जातात.

कुठल्या बाजूला बसायचं: तिरानोहून वर जाताना डावी बाजू. पालू हिमनदी, लागो बियांको, पुढे मोर्तेराच हिमनदी हे सगळं डावीकडे. अपवाद पोस्क्यावोच्या तळ्याचा, रूळ त्याच्या पश्चिम काठाने जातात, त्यामुळे ते उजवीकडे येतं. पोस्क्यावोच्या पुढे गाडी एवढी वळणं घेते की दरी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. तेव्हा कोणी जागा बदलायला सांगितलं तर हसत बदला. उतरताना अर्थातच सगळं उलट.

उजेडवाट

फोटोवाल्यांसाठी.

ब्रूझिओचा गोल पूल गाडीत बसून पाहायचा आणि खाली उतरून पाहायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९०८ साली सुरू झालेला हा दगडी पूल ११० मीटर लांब, नऊ कमानींचा, आणि त्याच्या वळणाची त्रिज्या ७० मीटर. तिरानोहून येणारी गाडी आधी एका कमानीखालून जाते, मग गोल फिरून त्याच कमानीवरून पुढे निघते. गाडीत असाल तर मधल्या-मागच्या डब्यात बसा. पहिल्या डब्यातून वळणारी स्वतःची गाडी नीट दिसत नाही.

बाहेरून टिपायचा असेल तर ब्रूझिओ स्टेशनवर उतरून चालत खाली या. पूल ब्रूझिओ आणि त्याच्या खालच्या काम्पाशो थांब्याच्या मध्ये आहे. रूळांना समांतर कुरणाच्या कडेला उभं राहिलं तर वरून येणारी आणि खालून चढणारी अशा दोन्ही गाड्या मिळतात. फुल फ्रेमवर २४ ते ३५ मिलिमीटर पुरते. त्याहून रुंद घेतलं की कमानी बुटक्या दिसतात. गाडी गोलात असते ते थोडेच क्षण, त्यामुळे आधी एक रिकाम्या पुलाचा फोटो काढून उजेड ठरवून ठेवा. शटर १/५००च्या खाली आणू नका.

काचेआडून फोटो काढायचा झाला तर गडद रंगाचे कपडे घाला आणि लेन्सच्या पुढचा रबरी हूड काचेला टेकवा. पोलरायझर लावू नका, काही काचांवर इंद्रधनुषी पट्टे येतात.

ऑक्टोबर निवडलात हे उत्तमच. वरचे लार्च तेव्हा सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही याची पानं गळतात, त्याआधी पिवळी धमक होतात.

टुणटुण

लार्चचं माहीत नव्हतं! छान.

नेरळजंक्शन

अवांतर: ही गाडी दात्यांच्या रुळाशिवाय ७ टक्के चढ (शंभर मीटरला सात मीटर) कशी चढते? आपल्या नेरळ-माथेरानला सर्वात कडक चढ २०ला १, म्हणजे ५ टक्के, तोही दोन फुटी गेजवर रांगत. भोर घाटात ३७ला १ आहे तरी बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लावावे लागतात.

मीटरगेज

नेरळजंक्शन, हा अवांतर कसला, धाग्याचा गाभाच आहे.

७ टक्के म्हणजे साधारण १४ला १. निलगिरीची गाडी याच मीटर गेजवर १२ला १ चढते, पण कल्लार ते कुन्नूर तिला दात्यांचा रूळ लागतो. बेर्निनावर कुठेही दाते नाहीत. उत्तर चाकांत आहे. हल्लीच्या आलेग्रा गाडीचं अधिकृत नाव एबीई ८/१२. यातला १२ म्हणजे तीन डब्यांच्या संचाचे एकूण आस (चाकांच्या जोड्यांचे दांडे), आणि ८ म्हणजे त्यातले मोटर जोडलेले. दोन तृतीयांश आस स्वतः ओढत असले की गाडीचं बहुतेक वजन पकडीच्या कामी येतं. भोर घाटातली मालगाडी पाहा, ओढणारी चाकं फक्त इंजिनांना, मागचे पन्नास-साठ डबे नुसतं ओझं. इथे मागे जोडायच्या डब्यांवर कडक मर्यादा आहे. ७ टक्क्यांवर एका आलेग्रामागे जास्तीत जास्त १४० टन.

वर चढण्यापेक्षा खाली उतरणं अवघड. उतारावर मोटर उलट्या भूमिकेत जातात, वीज तयार करतात आणि त्या ओढीने गाडी रोखली जाते. शिवाय रुळाला चिकटणारे चुंबकीय ब्रेक असतात, जे चाकाच्या पकडीवर अवलंबून नसतात. ओल्या पानांनी किंवा दवाने रूळ निसरडा झाला की चाकांपुढे वाळू सोडतात. पोस्क्यावोच्या वर गाडी अचानक खरखरली तर घाबरू नका, ती वाळू आहे.

तिरानो स्टेशन ४२९ मीटरवर, सर्वात उंच ओस्पित्सिओ बेर्निना २,२५३ मीटरवर. ३८ किलोमीटरच्या आसपास १,८२४ मीटर चढ. पूर्ण मार्ग ६१ किलोमीटरचा, १९०८ ते १९१० टप्प्याटप्प्याने सुरू झाला, आणि पहिल्या दिवसापासून विजेवर.

घाटवाट

युनेस्कोच्या यादीत ही रेल्वे २००८ साली आली, अल्बुला मार्गासकट. त्याच वर्षी आपली कालका-शिमलाही भारतीय पर्वतीय रेल्वेंच्या नोंदीत जोडली गेली. माथेरानची गाडी अजून संभाव्य यादीतच आहे, याचं मनापासून वाईट वाटतं.

अनुजा_के

किती छान माहिती देताय सगळे! बाबा हे सगळं मोठ्याने वाचून घेतायत. आईच्या जेवणाचं राहिलं. आणि उंचीचा त्रास होईल का?

मुग्धा_पाटवडी

अनुजा, आईंना तिथे उपाशी राहावं लागणार नाही. तिरानो ज्या खोऱ्यात आहे त्या वाल्तेल्लिनाचं मुख्य पक्वान्न पित्सोक्केरी, आणि ते बिनमांसाचं असतं. कुट्टूच्या पिठाच्या करड्या रंगाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज आणि लसणीचं लोणी.

तेल्यो गावातलं प्रमाण असं: कुट्टूचं पीठ ४०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, काझेरा चीज २५० ग्रॅम, किसलेलं ग्राना चीज १५० ग्रॅम, सुरकुतलेल्या पानांचा सावोय कोबी २०० ग्रॅम, बटाटे २५० ग्रॅम, लसणीची एक पाकळी, मिरपूड. कुट्टूत ग्लुटेन नाही, म्हणून तो पाचवा हिस्सा मैदा. तो वगळला की पट्ट्या पाण्यात विरघळून पिठलं होतं. नुसत्या पाण्यात घट्ट मळायचं, दोन-तीन मिलिमीटर जाड लाटायचं, सात सेंटिमीटरच्या पट्ट्या पाडून त्या आडव्या अर्ध्या सेंटिमीटरच्या कापायच्या. बटाट्याच्या फोडी आणि कोबी खारट उकळत्या पाण्यात आधी, पाच मिनिटांनी पट्ट्या त्याच पाण्यात, आणखी दहा मिनिटं. मग झाऱ्याने काढून गरम ताटलीत एक थर, वर चीज, पुन्हा थर, पुन्हा चीज. शेवटी लसूण घालून चांगलं तांबूस केलेलं लोणी वरून ओतायचं. आणि ढवळायचं नाही! ढवळलं की चीजचा गोळा होतो आणि पट्ट्या तुटतात.

इथे करणार असाल तर उपवासाला मिळणारं कुट्टूचं पीठ चालतं, पण ते जुनं असेल तर कडू लागतं. आधी चिमूटभर चाखून बघा.

दुसरा पदार्थ शात्त. कुट्टूच्या पिठात चीजचे तुकडे बुडवून तळलेली भजीच ती. पिठात ग्राप्पा नावाची दारू थोडी असते, चालत नसेल तर टाळा. ब्रेझाओला मात्र सुकवलेलं गोमांस आहे. तेही या खोऱ्याचंच वैशिष्ट्य, आणि कोशिंबिरीच्या ताटलीत वर पातळ चकत्या टाकून येतं. मागवताना "सेन्झा कार्ने" म्हणा, म्हणजे मांसाशिवाय.

पानगळ

मुग्धाताई, एक शंका. चीजमधलं रेनेट?

मुग्धा_पाटवडी

बरोबर विचारलंस. काझेरा आणि ग्राना दोन्हींत दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. जे एवढं कडक पाळतात त्यांना पित्सोक्केरीही चालणार नाही. त्यांनी टोमॅटोचा पास्ता किंवा भाजलेल्या भाज्या मागवाव्यात आणि चीज वरून घालू नका असं सांगावं. अनुजा, आईंना आधी विचारून ठेव.

आणखी एक. इटलीत स्वयंपाकघर बारा-साडेबाराला उघडतं आणि दोन-अडीचला बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातनंतर. चार वाजता गरम जेवण मिळत नाही. डोंगरावरून साडेतीनला उतरून "आता निवांत जेवू" असं ठरवलं तर कॉफी आणि सँडविचवर भागवावं लागतं.

डॉ_संजीवनी

२,२५३ मीटर म्हणजे शिमल्याच्या आसपासची उंची. बहुतेकांना काही होत नाही. पण दीड-पावणेदोन तासांत एवढं वर जाऊन लगेच भरभर चालायला लागलात तर धाप लागू शकते. ओस्पित्सिओला उतरल्यावर पाच मिनिटं बसा, मग चाला. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. कानात दडे बसतात, गोळ्या किंवा लवंग चघळायला ठेवा. खाली पंधरा अंश असताना वर शून्याच्या जवळपास आणि वारा असू शकतो. कानटोपी आणि हातमोजे पिशवीच्या वरच्या कप्प्यात हवेत, सुटकेसच्या तळाशी नकोत.

झुरिककर

व्हिसा, पैसे, फोन.

इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी सीमा ओलांडून परत येता येतं. पासपोर्ट मात्र मूळचाच जवळ ठेवा, झेरॉक्स नको. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, सीमाशुल्क वेगळं आहे, आणि तिरानोच्या लाल स्टेशनात किंवा गाडीत तपासणी होऊ शकते.

फोन ही खरी मेख. मिलानमध्ये घेतलेल्या इटालियन सिमवर "पूर्ण युरोपात रोमिंग मोफत" लिहिलेलं असतं, पण त्यात स्वित्झर्लंड असेलच असं नाही. काम्पोकोलोन्यो हे सीमेपलीकडचं पहिलं स्टेशन, तिथून फोन स्विस नेटवर्क पकडतो आणि भराभर पैसे कापतो. योजनेत स्वित्झर्लंडचं नाव शोधा. नसेल तर तिरानोलाच डेटा रोमिंग बंद करा. तिकीट, नकाशा, वेळापत्रक आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

तिरानोत युरो, वर फ्रँक. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. आपला गोल दोन पिनांचा बारीक चार्जर दोन्ही देशांत बसतो, जाड तीन पिनांचा नाही.

कोकणकडा

हे रोमिंगचं फार कामाचं. माझा एक्सप्रेसचा आग्रह तसा कायम आहे, पण तिरानोहून पहिल्या गाडीने निघत असाल तर साधी गाडी घ्यायला हरकत नाही, एवढं मान्य.

शिलालेख

अनुजा, तुमच्या पहिल्या परिच्छेदातल्या तक्रारीकडे येतो. गावाबद्दल.

तिरानो आद्दा नदीकाठी आहे, लोकवस्ती नऊ हजारांच्या आसपास. स्टेशनपासून सुमारे किलोमीटरभरावर मादोन्ना दि तिरानो हे देवस्थान. २९ सप्टेंबर १५०४ रोजी इथे मारियामातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि पुढच्याच वर्षी बांधकाम सुरू झालं. आत डावी-उजवी न बघता आधी ऑर्गनसमोर उभे राहा. लाल संगमरवरी खांबांवर उचललेला, नखशिखांत कोरीव लाकडाचा. त्याच्यासमोर दहा मिनिटं सहज जातात.

बाहेर आलात की चौकातच थांबा. लाल गाडी याच चौकातून, मोटारींच्या मधून, देवळाच्या समोरून जाते. रूळ डांबरात बसवलेले आहेत आणि रस्ता सगळ्यांचा एकच. गाडी हळू येते, घंटा वाजवते, मोटारी थांबतात. फोटोसाठी रुळांवर उभं राहू नका, ती ट्राम वाटली तरी मागे अख्खी आगगाडी आहे.

जुनं गाव नदीपलीकडे. १५व्या शतकाच्या अखेरीस मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याने इथे तटबंदी उभारली. तिच्या वेशींची नावं पाहा: पोस्क्यावीना, मिलानेझे, बोर्मिना. तीन वेशी, तीन वाटा, पोस्क्यावोकडची, मिलानकडची आणि बोर्मिओकडची. आज जे गाडी बदलायचं गाव म्हणून ओळखलं जातं ते पाचशे वर्षांपूर्वीही वाटा बदलायचंच गाव होतं. १५१२ ते १७९७ हे सगळं खोरं ग्राउब्युंडेनच्या (आजचा सीमेपलीकडचा स्विस प्रांत) ताब्यात होतं, म्हणजे आज जिथे सीमा आहे तिथे तेव्हा सीमा नव्हती. पालाझ्झो सालिस आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या सपाट आहेत, आई-बाबांना सहज जमतील. दगडी फरसबंदी आहे, तेव्हा पातळ तळव्यांच्या चपला नकोत.

वर पाहिलंत की डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे दिसतील. ते बांध चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून घातलेत, आपल्याकडच्या ताली घालतात तसेच.

घाटवाट

शिलालेख यांच्या नदीच्या उल्लेखावरून एक सांगायलाच हवं. ओस्पित्सिओ बेर्निनाला दोन तळी शेजारी शेजारी आहेत. एक लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं. हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठी पाण्यात तरंगते म्हणून ते दुधट दिसतं. दुसरं लेय नायर, काळं तळं, त्यात ती पिठी नाही. मधली जमीन म्हणजे पाणलोटाची कड. पांढऱ्या तळ्याचं पाणी पोस्क्यावीनो नदीतून तिरानोला आद्दाला मिळतं, तिथून पो नदीतून एड्रिॲटिक समुद्रात. काळ्या तळ्याचं इन नदीतून डॅन्यूबमध्ये आणि मग काळ्या समुद्रात. नावांची भाषाही तिथेच बदलते. बियांको इटालियन, नायर रोमान्श.

महाबळेश्वरच्या कड्यावर उभं राहून एक ओढा अरबी समुद्राकडे आणि दुसरा कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाताना पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. पांढरं तळं फलाटाच्या जवळच आहे, चढ नाही. जाताना डावीकडे लक्ष ठेवा.

टुणटुण

म्हणजे तिरानोला आद्दाला मिळणाऱ्या पोस्क्यावीनोत वरच्या तळ्याचंही पाणी आहे! आता त्या नदीपाशी थांबणं आलंच.

लेक्कोमार्गे

मिलान-तिरानो टप्प्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून:

ही प्रादेशिक गाडी. भाडं ठरलेलं, आधी काढून स्वस्त होत नाही, आरक्षण नाही. मिलानहून जाताना डावीकडे बसा, लेक्को ते कोलिकोदरम्यान कोमो तळं पूर्ण वेळ डावीकडे असतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात छाप मारल्याशिवाय चढू नका, तिकीट असूनही दंड होतो.

दोन गोष्टी बिघडतात. एक, रुळांची कामं. काही काळ काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस असते, तिला वेळ जास्त लागतो आणि मोठं सामान अडचणीचं होतं. निघण्याच्या आठवड्यात ट्रेनोर्दच्या (ही गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर हाच मार्ग तपासा. दोन, संप. इटालियनमध्ये "शोपेरो", तारीख आधी जाहीर होते. संपाच्या कामाच्या दिवशीही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत हमीच्या गाड्या धावतात. पण गाडी त्या वेळेत सुटून त्याच वेळेत शेवटच्या स्टेशनला पोचणारी हवी. साडेआठला सुटणारी गाडी हमीत धरू नका.

अनुजा_के

सगळ्यांचे खूप आभार. सगळं वाचून असं ठरवलंय:

पहिला दिवस: सकाळी मिलानहून निघून बाराच्या आत तिरानो. दीडच्या आत पित्सोक्केरी (आई रेनेटला हरकत नाही म्हणाली). दुपारी देवस्थान, चौकात गाडी पाहणं, जुनं गाव.
दुसरा दिवस: सामान हॉटेलात ठेवून पहिल्या गाड्यांपैकी एकीने वर. आल्प ग्र्यूमला उतरायचं, पुढच्या गाडीने ओस्पित्सिओ, तिथून सेंट मॉरित्झ, आणि परत तिरानो. लाल गाडी पोचल्यावर आठ मिनिटांनी मिलानची गाडी आहे, ती पकडायची.

काही चुकतंय का?

मीटरगेज

बेत सुंदर आहे, दोन दुरुस्त्या.

आठ मिनिटं विसरा. दोन्ही स्टेशनं शेजारी आहेत, अंतर दोन मिनिटांचं. पण रेल्वे दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन देशांच्या. लाल गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मिलानची गाडी थांबेल यावर विसंबू नका. शिवाय तुमचं सामान हॉटेलात आहे. मधली एक गाडी सोडून पुढची धरा, तेवढ्यात सामानही येईल आणि आई-बाबांचा चहाही होईल.

दुसरं, सेंट मॉरित्झपर्यंत जायचा हट्ट नको. आल्प ग्र्यूम आणि ओस्पित्सिओ दोन्हीकडे उतरलात की प्रत्येकी तासभर जातो. ओस्पित्सिओला घड्याळ पाहा. दमला असाल किंवा ढग उतरले असतील तर तिथूनच मागे फिरा. आल्प ग्र्यूमला मोटाररस्ता येत नाही, गाडी चुकली की पुढची गाडी हाच मार्ग, तेव्हा फलाटापासून लांब जाऊ नका. आणि लहान थांब्यांवर गाडी विनंतीवरच थांबते. आत असाल तर दाराजवळचं, फलाटावर असाल तर खांबावरचं बटण दाबायचं. ब्रूझिओच्या पुलासाठी काम्पाशोहून चढणार असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडी तुमच्यासमोरून निघून जाईल.

आदल्या रात्री आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी ओस्पित्सिओ आणि दिआव्होलेत्साचे वेबकॅम पाहा. तिरानोत धुकं असलं तरी वर लख्ख ऊन असू शकतं, आणि उलटंही.

अनुजा_के

आठ मिनिटांवर काट मारली. बाबा म्हणतायत, ओस्पित्सिओला दोन्ही तळी पाहिल्याशिवाय मागे फिरायचं नाही, सेंट मॉरित्झ राहिलं तरी चालेल.

मुग्धा_पाटवडी

अनुजा, चौघांत पित्सोक्केरीच्या दोनच ताटल्या मागव, बरोबर एक हिरवी कोशिंबीर. लोणी-चीज भरपूर असतं, अख्खी ताटली संपवली तर दुपारचं देऊळ राहील.